तारलीच्या उंचीवरून

गरीला पेडव्याचा तुकडा राहिला होता,
नखाएवढा.
ह्यांनी तंगूस गुंडाळून खुंटीला टांगला,
हात धुतले, जेवले, झोपले.
घराला वाटलं, आवरून झालं.

तारलीला तसं वाटलं नाही.

पहाटे ती मोरीपाशी बसलेली,
तोंड किंचित उघडं,
ओठाच्या कडेला तंगूस लोंबत होता,
शिवताना माझ्या दातांत दोरा असतो तसा.
मी ओढणारच होते.
हात पुढे गेला होता माझा, खरं सांगते.
द्वारका कुबल कुंपणापलीकडून ओरडली,
"ओढू नको गो! आतडी भायर येतली!"

तळाशीलात एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी,
मधे आम्ही, वाळूवर.
रिक्षा यायला तास लागला असता,
म्हणून माशांच्या पाटीत घातली, वर गोणपाट बांधलं,
होडीने सर्जेकोट,
आणि तिथून कुडाळ.
पाटीला सुरमईचा वास होता.
तिने नाक फिरवलं,
तेव्हा मी रडले.

डॉक्टरांनी गरी कागदात गुंडाळून हातात दिली.
म्हणाले, "घर एकदा तिच्या उंचीवरून बघा."
मला वाटलं, बोलायची पद्धत असते.

पण ती बरी होऊन आली त्या दुपारी
मी दार लोटून घेतलं,
मॅक्सी गुडघ्यापर्यंत खोचली
आणि ओटीपासून परड्यापर्यंत
चार पायांवर गेले.

काय सांगू, ते दुसरंच घर निघालं.
कपाटाखाली माझ्या तीन सुया,
ज्यांच्यापायी मी शेजारच्या पोरीवर संशय घेतला होता.
फळीमागे उंदराचं औषध, भाताच्या गोळ्यात, गुलाबी,
कुठल्या चतुर्थीला टाकलेलं कोण जाणे.
पाटाखाली डोकेदुखीची गोळी.
मला अर्धा तास उतार,
तिला मरण, असं डॉक्टर म्हणाले होते.
किती दिवस शोधत होते मी ती,
डोकं धरून.

वॉशिंग मशीनचं तोंड उघडं, आत ह्यांची लुंगी,
लुंगीवर तिचे केस.
केस बघून तिथेच बसले.
आणि तिथून, बसल्या जागेवरून,
मागच्या पडवीतली चूल दिसली,
राखेत गोल खळगा, तिच्या अंगाच्या मापाचा.
रोज पहाटे, डोळे अर्धे मिटलेले,
त्याच खळग्यात मी सोडणं सारते.

द्वारका मागच्या दारी उभी.
"काय गो, काय हरवला?"
गुडघ्यांना राख, केसांत कोळिष्टक.
म्हटलं, "काय नाय. घर बघतंय."
ती थोडा वेळ उभी राहिली.
मग चपला काढल्या, पदर खोचला,
"बावीकडे मी बघतंय," म्हणाली,
आणि ओणवी झाली, साठ वर्षांची बाई,
माडाखाली.

आता विहिरीवर जाळं आहे, जुनंच,
मासे सुटतील इतकं फाटकं,
पण मांजर अडेल.
चूल पेटवण्याआधी मी काठीने राख ढवळते
आणि हाक मारते.
मशीनमध्ये हात घालून चाचपते,
ती समोर अंग चाटत बसलेली असली तरी.

ह्यांना रात्री गऱ्या मोजायला लावल्या.
आधी हसले. "मासे कधी मोजले नाय,
गरी काय मोजतलंय?"
आता दिव्याखाली बसतात, चष्मा लावून,
बावीस, तेवीस.
चोविसावी कागदाच्या पुडीत, देवाच्या फळीवर.
तरी दरवेळी थांबतात,
चटईखाली हात फिरवतात,
मग आठवतं.

खुंटी हातभर वर नेली आहे.
तारली खाली बसून
तिच्याकडे बघते, मग स्टुलाकडे,
मग परत तिच्याकडे.